ब्रिटनमधले भारतीय आणि पाकिस्तानी : कोण किती सुखात, आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑक्टोबर २०२२ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले आणि आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुनाच विषय नव्याने फिरायला लागला. एकाच फाळणीतून निघालेले दोन देश, एकाच ब्रिटनला गेलेली माणसं, मग एक समाज वर आणि दुसरा खाली का? उत्तरं बहुतेकांकडे तयारच असतात. ती ‘आपले संस्कार’ इथून सुरू होतात आणि धर्मापाशी येऊन थांबतात. मला ही उत्तरं पटत नाहीत. का पटत नाहीत, ते खाली येईलच. आकडे मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचे आहेत, कारण स्कॉटलंडची जनगणना वेगळी होते.

दोन्ही समाज किती मोठे आहेत? राहतात कुठे?

२०२१ च्या जनगणनेत स्वतःला भारतीय वंशाचे म्हणवणारे सुमारे १८.६ लाख (३.१ टक्के) आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे १५.९ लाख (२.७ टक्के) भरले. दहा वर्षांपूर्वी हेच आकडे १४.१ आणि ११.२ लाख होते.

कुठे राहतात हे मात्र संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे. भारतीयांचा मोठा भाग लंडनच्या पश्चिम आणि वायव्य उपनगरांत (हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, साउथॉल) आणि लेस्टरमध्ये आहे. लेस्टरची ३४ टक्के वस्ती भारतीय वंशाची. पाकिस्तानी लोक लंडनमध्येही आहेत, पण त्यांचा भर उत्तरेकडे आणि मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात. ब्रॅडफर्डमध्ये दर चार माणसांत एक पाकिस्तानी वंशाचा, बर्मिंगहॅममध्ये साधारण सहांत एक. शिवाय ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, बर्नली यांसारखी जुनी गिरणीगावं. हा नकाशा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

मग सरळ सांगा ना, जास्त सुस्थितीत कोण?

पैशाच्या बाबतीत भारतीय, आणि फरक थोडाथोडका नाही. तासाच्या पगाराचा मध्यांक (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा) पाहिला तर भारतीय कर्मचारी गोऱ्या ब्रिटिशांच्याही पुढे आहेत, पाकिस्तानी बरेच मागे. घरभाडं किंवा घराचे हप्ते वजा करून मोजलेल्या दारिद्र्यात पाकिस्तानी लोकसंख्येचा जवळपास निम्मा भाग सापडतो, भारतीयांचा साधारण चौथा हिस्सा. देशाची सरासरी पाचांत एक अशी आहे. म्हणजे श्रीमंत म्हणून मिरवणारा भारतीय समाजसुद्धा या एका मापात सरासरीपेक्षा किंचित वाईटच निघतो. ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

सामाजिक बाजू एवढी सरळ नाही. आरोग्य, एकटेपणा, राजकारणातलं स्थान, आपलेपणाची भावना यांत कोण पुढे हे मापागणिक बदलतं.

सुरुवात तर दोघांनीही कारखान्यातच केली होती ना?

हो, आणि हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येऊन काम करायची मोकळीक होती. जालंदर-होशियारपूरकडचे शीख वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांत आणि साउथॉलच्या रबर कारखान्यात लागले. मीरपूर, झेलम, अटक या भागांतले पुरुष यॉर्कशर-लँकेशरच्या लोकर आणि सुताच्या गिरण्यांत गेले. त्या काळी कायद्याने बायकांना रात्रपाळी करता येत नसे, गोऱ्या पुरुषांना ती नको होती, आणि नवी महागडी यंत्रं चोवीस तास चालल्याशिवाय परवडत नव्हती. ती रात्रपाळी पाकिस्तानी पुरुषांनी भरून काढली. एका खोलीत सहा-आठ जण, दिवसपाळीवाला उठला की त्याच उबदार गादीवर रात्रपाळीवाला आडवा. लालबाग-परळच्या गाळ्यांत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी हेच केलं होतं, त्यामुळे हे चित्र आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

मग कायदा बदलला. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातल्या लोकांनाही परवाना लागू झाला. त्याआधी पुरुष चार-पाच वर्षं कमवून परत जायचा आणि त्याच्या जागी भाऊ किंवा पुतण्या यायचा. दार बंद होणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकदमच धाव घेतली, आणि आत असलेल्यांनी परत जायचं टाळलं. पुढे बायकामुलंही आली. लोकांना रोखण्यासाठी केलेल्या कायद्यामुळेच लोक कायमचे राहिले.

मंगला धरणाचं नाव यात नेहमी का येतं?

कारण ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक मूळचे पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. झेलम नदीवरचं मंगला धरण १९६७ मध्ये पूर्ण झालं, जुनं मीरपूर शहर पाण्याखाली गेलं आणि लाखाहून जास्त माणसं धरणग्रस्त झाली. अनेकांनी नुकसानभरपाईचे पैसे तिकिटात घातले आणि आधीच ब्रिटनमध्ये असलेल्या नातेवाइकाकडे गेले.

पण या लोकांची परदेशाची वाट धरणाच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती मुंबईवरून जात होती. मीरपुरी पुरुष ब्रिटिश आगबोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम करत, आणि त्यांची भरती मुंबई बंदरात होई. फाळणीने मुंबईची वाट तुटली, तेव्हा काही जण ब्रिटनच्याच बंदरांत उतरून तिथल्या कारखान्यांत गेले. पुढे जी साखळी तयार झाली तिचं पहिलं टोक हे.

सांगायचा मुद्दा असा की ही डोंगराळ, कोरडवाहू भागातली, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली शेतकरी माणसं होती. लाहोर-कराचीचा शिकलेला मध्यमवर्ग नव्हे. भारतातून गेलेल्यांतही शेतकरी होते, पण भारतीयांकडे आणखी दोन प्रवाह आले: एक आफ्रिकेतून, दुसरा वैद्यकीय महाविद्यालयांतून.

युगांडातले गुजराती तर रिकाम्या हातांनी आले. तरी ते वर आलेच ना?

हा सगळ्यात आवडता दाखला, आणि अर्धवट सांगितला जाणारा.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. सुमारे २८ हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. घरं, दुकानं, कारखाने मागे राहिले. बरोबर नेता आले ते जेमतेम ५० पौंडांच्या आसपास. लेस्टर नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं. लोक तरीही तिथेच गेले, आणि आज त्याच शहरातल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीची रोषणाई बघायला देशभरातून गर्दी लोटते.

पण हात रिकामे असले तरी डोकी रिकामी नव्हती. या कुटुंबांना इंग्रजी येत होतं, हिशेब येत होता, उधारी, बँक, परवाना, वकील हे सगळं कंपाला-नैरोबीत पचवून झालेलं होतं. सगळं कुटुंब एकदमच आलं, त्यामुळे बायकाही पहिल्या दिवसापासून कमावत्या. परत जायला देशच उरला नव्हता, म्हणून पैसे गावाकडे जाण्याऐवजी इथल्या दुकानात आणि घरात गेले. उलट मीरपूरच्या माणसाने वीस वर्षं ‘पुढच्या वर्षी परत’ म्हणत कमाई गावी पाठवली. मीरपुरात तिचे मोठाले बंगले उभे आहेत, बरेचसे वर्षातले अकरा महिने कुलूपबंद.

आणि गुजरातीसुद्धा आल्या आल्या दुकानदार झाले नाहीत, हे विसरू नका. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात, आणि १९७६ ते ७८ या काळात लंडनच्या विल्सडेनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात संप झाले, ते मुख्यतः आफ्रिकेतून आलेल्या आशियाई कामगारांचे होते. ग्रनविकच्या संपाचं नेतृत्व जयाबेन देसाई यांनी केलं. ठेंगण्या बांध्याची, साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून पोलिसांच्या रांगेसमोर उभी राहिलेली ही बाई ब्रिटिश कामगार चळवळीचा चेहरा झाली. संप हरला. पण त्या पिढीने किती कमी पगारावर आणि किती अपमान गिळून सुरुवात केली होती ते त्यातून जगाला दिसलं.

गिरण्या बंद पडल्यावर पाकिस्तान्यांचं काय झालं?

जे गिरणगावाचं झालं तेच. सत्तरच्या दशकापासून कापड उद्योग आटत गेला आणि ऐंशीच्या दशकात कोसळला. ब्रॅडफर्डमधली लिस्टर मिल एके काळी रेशीम आणि मखमलीसाठी जगभर नावाजलेली होती. १९९२ मध्ये ती बंद झाली. आता तिथे फ्लॅट आहेत आणि ७६ मीटर उंचीचं धुराडं तेवढं शहराची खूण म्हणून उरलं आहे.

पन्नाशीतला, इंग्रजी तुटपुंजं येणारा, एकाच यंत्रावर हयात घालवलेला कामगार दुसरीकडे लागणार कुठे? ज्याला गाडी चालवता येत होती तो टॅक्सीकडे वळला. पाकिस्तानी पुरुषांच्या ‘स्वयंरोजगारा’चा मोठा हिस्सा आजही टॅक्सीचा आहे. तो स्वयंरोजगार म्हणजे काय, ते जवळून बघा. नगरपालिकेचा परवाना स्वतःच्या खर्चाने, व्यावसायिक विमा स्वतःच्या खिशातून, गाडी बहुधा हप्त्यावर, आणि ज्या ऑफिसातून भाडी मिळतात त्याला दर आठवड्याला ठरलेली रक्कम, धंदा होवो न होवो. आजारपणाची भरपगारी रजा नाही, मालकाच्या वाट्याचं पेन्शन नाही. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा प्रवासी गायब झाले, आणि जे थोडे होते त्यांच्याबरोबर बंद गाडीत बसावं लागलं. त्या वर्षी टॅक्सीचालक पुरुषांमध्ये कोविडने मरण्याचं प्रमाण सरासरी पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं.

भारतीय प्रामुख्याने लंडन आणि लेस्टरमध्ये असल्यामुळे या कोसळण्यातून तुलनेने वाचले. हीथ्रो विमानतळ, बँका, औषधांची दुकानं, सरकारी कचेऱ्या, पुढे संगणक क्षेत्र: लंडनभोवती एक धंदा बसला तर दुसरा उभा राहिला. बर्नलीत दुसरा उभा राहिला नाही.

म्हणजे धर्माचा काहीच संबंध नाही म्हणता?

असं म्हणत नाही. संबंध आहे, पण लोक समजतात तसा नाही.

भरूच आणि सुरत जिल्ह्यांतले गुजराती मुसलमान ब्लॅकबर्न, प्रेस्टन, बॅटली इथल्या गिरण्यांत गेले. देश भारत, धर्म इस्लाम, काम पाकिस्तान्यांसारखंच. त्यांची आर्थिक स्थिती साधारणपणे भारतीय हिंदू-शिखांच्या खाली आणि पाकिस्तान्यांच्या वर येते. पूर्व आफ्रिकेतून आलेले इस्माइली खोजे (आगा खानांचे अनुयायी) मात्र मुसलमान असूनही चांगले सधन. धर्मच सगळं ठरवत असता तर ही दोन्ही उदाहरणं जुळली नसती.

दुसरी बाजू नोकरी देणाऱ्याची. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजातल्या संशोधकांनी एकसारखी पात्रता आणि वेगवेगळी नावं घालून हजारोंनी अर्ज पाठवले. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे, गोऱ्या ब्रिटिश नावाला दर शंभर अर्जांमागे २४ होकार आले, अल्पसंख्याक नावांना १५. पाकिस्तानी नावाच्या उमेदवाराला तेवढेच होकार मिळवायला सुमारे ७० टक्के जास्त अर्ज करावे लागले. शिक्षण, शहर, इंग्रजी हे सगळं समान असतानाची ही तूट आहे. ती कुणाच्या संस्कारांत शोधून सापडायची नाही.

अमेरिकेतल्या पाकिस्तान्यांचं काय?

माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल इथेच लागतो. अमेरिकेत पाकिस्तानी कुटुंबांच्या उत्पन्नाचा मध्यांक देशाच्या मध्यांकापेक्षा जास्त आहे आणि पदवीधरांचं प्रमाणही. तोच देश, तोच धर्म. फरक इतकाच की १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेच्या दारातून मुख्यतः डॉक्टर, इंजिनियर, विद्यार्थी आणि मग त्यांचे नातेवाईक आत गेले. ब्रिटनच्या दारातून गिरणी कामगार गेले. दारावर कुणाला निवडलं गेलं ते पाहिल्याशिवाय आतल्या माणसांची तुलना करणं म्हणजे आयआयटीच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या निकालांची तुलना करण्यासारखं आहे.

हाच नियम भारतीयांनाही लागू. आजच्या भारतीय सरासरीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कामाच्या व्हिसावर आलेले संगणक अभियंते, डॉक्टर, बँकवाले मोठ्या संख्येने आहेत. त्यांची पदवी भारतातल्या करदात्यांच्या आणि आई-वडिलांच्या पैशाने झाली. ब्रिटनला ते तयार मिळाले. भारतीयांमध्ये निम्म्याहून जास्त प्रौढ पदवी किंवा त्या तोडीचं शिक्षण घेतलेले आहेत, पाकिस्तान्यांमध्ये साधारण तिसरा हिस्सा. (तिसरा हिस्सा हीच देशाचीही सरासरी आहे, हे जाता जाता.)

पाकिस्तानी लोक तर म्हणे स्वतःच्या घरात राहतात. मग गरीब कसे?

चांगला प्रश्न. मार्च २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांच्या सरकारी आकड्यांनुसार इंग्लंडमध्ये ७४ टक्के भारतीय, ६८ टक्के गोरे ब्रिटिश आणि ५८ टक्के पाकिस्तानी कुटुंबं मालकीच्या घरात राहत होती. दारिद्र्याचं प्रमाण पाहता ५८ हा आकडा बराच मोठा वाटतो.

गंमत घराच्या पत्त्यात आहे. साठ-सत्तरच्या दशकात भाड्याने घर द्यायला गोरे मालक तयार नसत, नगरपालिकेच्या घरांच्या यादीत नंबर लागत नसे. म्हणून चार-पाच नातेवाइकांनी पैसे काढून गिरणीशेजारची, भिंतीला भिंत लागलेली जुनी दगडी घरं विकत घेतली. ती आजही आहेत, पण त्यांना भाव नाही. बर्नलीतल्या सरासरी घराच्या किमतीच्या साधारण चौपट किंमत हॅरोतल्या घराला येते. दोन माणसांनी १९८० मध्ये सारख्याच हिमतीने घर घेतलं; एकाच्या मुलाला त्या घरावर धंद्यासाठी कर्ज मिळालं, दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला गळकं छप्पर आलं.

माणसं किती, हेही बघावं लागतं. समजा दोन घरांत महिन्याला सारखेच पैसे येतात. एकात नवरा-बायको आणि एक मूल, दुसऱ्यात नवरा-बायको, चार मुलं आणि आजी. दारिद्र्यरेषा माणशी हिशेब धरते, त्यामुळे पहिलं घर वर, दुसरं खाली. २०१७ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना तिसऱ्या मुलापासून पुढे वाढीव सरकारी मदत न देण्याचा नियम आला, त्याचा फटका अशाच घरांना बसला.

पाकिस्तानी बायका नोकरी करत नाहीत, हेच खरं कारण नाही का?

मोठं कारण आहे, त्यात शंका नाही. दोन पगारांचं घर आणि एका पगाराचं घर यांत फरक पडणारच. पाकिस्तानी आणि बांगलादेशी बायकांचा आकडा सरकार बऱ्याचदा एकत्र देतं आणि त्यात कमावत्या बायका निम्म्याच्या आसपास भरतात. भारतीय बायकांत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

पण ‘पाकिस्तानी बाई’ ही एकच नसते. लग्न करून खेड्यातून आलेली, इंग्रजी न येणारी आणि ब्रॅडफर्डमध्ये जन्मून पदवी घेतलेली तिची मुलगी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदवीधर मुलींमध्ये नोकरीचं प्रमाण आईच्या पिढीच्या मानाने फार वर गेलं आहे. खोळंबा होतो तो मुलं झाल्यावर. पाळणाघराचा खर्च एवढा की मधल्या पगाराची नोकरी परवडतच नाही, आणि ही अडचण हॅरोतल्या भारतीय सुनेलाही चुकलेली नाही. तिच्याकडे फक्त नवऱ्याचा पगार जाडा असतो.

शाळेत कोण पुढे?

भारतीय मुलं, स्पष्टपणे. चिनी मुलांच्या खालोखाल. पाकिस्तानी मुलं सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत देशाच्या सरासरीच्या आसपास येतात, आणि विद्यापीठात जाण्याचं त्यांचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त आहे. घरची गरिबी लक्षात घेतली तर ही कामगिरी मला भारतीय मुलांइतकीच मोलाची वाटते. अडतं ते पुढे: विद्यापीठ कोणतं, आणि पदवीनंतर पहिली नोकरी कोण देतं. बरीच मुलं घरून जाता येईल अशाच विद्यापीठात जातात.

आरोग्याचं काय? आणि चुलत-मावस भावंडांतल्या लग्नांबद्दल ऐकतो ते?

मधुमेह आणि हृदयविकार हे दोन्ही समाजांचं सामाईक दुखणं आहे. दक्षिण आशियाई शरीराला कमी वजनातच धोका सुरू होतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचं माप) धोक्याची खूण २५ ऐवजी २३ धरतात. इथे मोठ्या पगाराची ढाल चालत नाही.

नात्यातल्या लग्नांविषयी ब्रॅडफर्डमध्ये २००७ पासून एक मोठा अभ्यास सुरू आहे. त्यात तेरा हजारांहून जास्त बाळांची नोंद झाली. पाकिस्तानी वंशाच्या बाळांपैकी सुमारे ३७ टक्क्यांचे आई-वडील सख्खे चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं होते, आणि अशा जोडप्यांच्या बाळात जन्मजात दोषाचं प्रमाण साधारण ३ वरून ६ टक्क्यांवर जातं. म्हणजे धोका दुप्पट, पण शंभरातली ९४ बाळं निरोगी. शहराच्या आतल्या काही वॉर्डांत पुढे पुन्हा पाहणी केली तेव्हा अशा लग्नांत लक्षणीय घट दिसली.

आपल्याकडून या विषयावर नाकं मुरडली जातात तेव्हा हसू येतं. मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्राने जरा जपूनच बोलावं.

राजकारणात तरी भारतीयच पुढे असतील?

सुनक पंतप्रधान झाले हे खरं. त्यांचे वडील केनियात जन्मलेले डॉक्टर, आई टांगानिकात (आजच्या टांझानियात) जन्मलेली, औषधांचं दुकान चालवणारी. वर सांगितलेला आफ्रिकेचा प्रवाह तो हाच. पण पाकिस्तानी बाजूची यादीही बघा: २०१६ पासून लंडनचे महापौर असलेले सादिक खान, गृहमंत्री आणि अर्थमंत्री राहिलेले साजिद जाविद (दोघांचेही वडील बसचालक), २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारचे प्रमुख) झालेले हमजा युसुफ, २०२५ मध्ये गृहमंत्री झालेल्या आणि मूळ मीरपूरच्या कुटुंबातल्या शबाना महमूद. गरीब समाजाच्या मानाने ही यादी जबरदस्त आहे.

याचं एक कारण दाट वस्ती आणि बिरादरी, म्हणजे आपल्याकडची भावकीच. एका गल्लीत तीनशे मतं एकगठ्ठा असली की नगरसेवक निवडून येतो. त्याचा तोटाही तोच: तिकीट कर्तबगार मुलीऐवजी मोठ्या घराण्यातल्या काकांना जातं.

दोन्ही समाजांचं आपापसात कसं आहे?

रोजच्या व्यवहारात बरं. एकाच दुकानातून बासमती, एकाच हलवायाकडे जिलेबी. अधूनमधून ठिणगी पडते. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस आशिया चषकातल्या भारत-पाक सामन्यानंतर लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव रस्त्यावर आले, आणि सप्टेंबरात ते आणखी चिघळलं. यात लेस्टरचे मुसलमान म्हणजे पाकिस्तानी असं समजू नका. त्यांतले खूपसे गुजराती, म्हणजे भारतीय वंशाचेच आहेत.

या सगळ्यात मराठी माणूस कुठे बसतो?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, म्हणजे आपण तिथे नवखे नाही. पण संख्येने आपण गुजराती-पंजाबींपुढे किरकोळ, आणि आलो ते दोन लाटांत: आधी डॉक्टर, मग पुण्या-मुंबईहून संगणकवाले. गिरणीत राबलेली मराठी पिढी ब्रिटनमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळे तिथल्या मराठी घराची सुस्थिती बघून कुणी मराठी संस्कृतीचं कौतुक करायला लागलं की मी व्हिसाच्या अटींकडे बोट दाखवतो. २०२५ च्या जुलैपासून कुशल कामगार व्हिसासाठी वर्षाला साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो. एवढी चाळण लावून आलेला समाज गरीब दिसेल कसा?

आणि गोवेकर?

हा खास आपल्या कोपऱ्यातला अपवाद. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. तो पासपोर्ट काढून हजारो गोवेकर युरोपीय संघाचे नागरिक म्हणून पगाराची कुठलीही अट न लागता ब्रिटनमध्ये आले. स्विंडन, साउथॉल, वेम्बली इथे त्यांची मोठी वस्ती आहे. काम गोदामात, कारखान्यात, विमानतळावरच्या सफाईत आणि सामान उतरवण्यात. शिफ्टा, एजन्सीमार्फत मिळणारं कंत्राट, एका घरात दोन-तीन कुटुंबं. जनगणनेत यांतले बहुतेक ‘भारतीय’ रकान्यात जातात आणि हॅरोतल्या दंतवैद्याबरोबर त्यांची सरासरी काढली जाते. दार उघडं असलं की भारतीय समाजही कसा दिसतो, ते पाहायचं असेल तर स्विंडनला जावं. ब्रेक्झिटमुळे २०२० च्या अखेरीस हे दार नव्यांसाठी बंद झालं.

अंतर कमी होतं आहे का?

शिक्षणात भराभर, पगारात हळूहळू, मालमत्तेत जवळपास नाही, कारण घरांच्या किमतींतलं अंतर वाढतंच आहे. परदेशातून जोडीदार आणायला २०१२ मध्ये १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० झाली. गावाकडून नवरा किंवा बायको आणण्याची पद्धत पाकिस्तान्यांमध्ये जास्त, आणि पगार कमी. साहजिकच घरं फुटण्याची झळ त्यांना अधिक.

भारतातून किंवा पाकिस्तानातून म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं नेता येतं का?

जवळजवळ नाही. जुलै २०१२ पासून नियम असा: वय, आजार किंवा अपंगत्वामुळे आई-वडिलांना रोजच्या कामांसाठी कायमची मदत लागते, आणि ती मदत मायदेशात पैसे टाकूनही मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. मुलगा जितका श्रीमंत तितका हा अर्ज अवघड, कारण ‘तुम्ही पैसे पाठवा, तिथे बाई ठेवा’ असं उत्तर येतं. पुण्यात चोवीस तासांची बाई मिळते हे तिथल्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. या एका बाबतीत लंडनचा भारतीय हृदयरोगतज्ज्ञ आणि ब्रॅडफर्डचा पाकिस्तानी टॅक्सीवाला एकाच रांगेत उभे आहेत. टॅक्सीवाल्याची आई बहुधा १९७५ मध्येच येऊन शेजारच्या गल्लीत राहते आहे. डॉक्टरची आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी, आणि सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसावर तिच्या खेपा चालू आहेत.